प्रतिकृती एंजिनातील घर्षण

मोठ्या एंजिनाच्या रचनेबरहुकूम पण लहान प्रमाणावर तयार केलेल्या व स्वतःच्या शक्तीने चालणाऱ्या एंजिनाला प्रतिकृती एंजिन म्हणतात. नुसत्या शोभेच्या प्रतिकृतीत आकार हुबेहूब उतरला म्हणजे काम संपते. चालत्या प्रतिकृतीत मात्र ते तेथून सुरू होते. मोजमापे बिनचूक आहेत, भाग नीट जुळले आहेत, तरीही वाफ सोडल्यावर प्रचक्र दोनचार फेरे घेऊन थांबते, हा घरगुती कर्मशाळेत एंजिन बनविणाऱ्या बहुतेकांचा पहिला अनुभव असतो. अशा वेळी दोष सहसा घर्षणावर टाकला जातो. तो पुष्कळदा खराही असतो. पण नेहमीच नाही. एंजिनाच्या हालचालीत होणारा व्यय घर्षणामुळे आहे, गळतीमुळे आहे की उष्णता वाया गेल्यामुळे आहे, हे वेगळे करता येणे ही या विषयातील मुख्य गोष्ट असून तिचा इतिहास एका नादुरुस्त प्रतिकृतीपासूनच सुरू होतो.

ग्लासगो विद्यापीठाची प्रतिकृती : टॉमस न्यूकोमेन (१६६४–१७२९) यांच्या वाफ एंजिनाची एक लहान प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या वर्गात दाखविण्यासाठी ठेवलेली होती. ती चालत नसल्याने दुरुस्तीसाठी लंडनमधील एका उपकरण कारागिराकडे पाठविण्यात आली होती. परंतु परत आल्यावरही ती समाधानकारक चालेना. १७६३–६४ च्या हिवाळ्यात ती जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांच्याकडे आली. वॉट तेव्हा विद्यापीठाच्या आवारात गणितीय उपकरणे तयार करण्याचे काम करीत. प्रतिकृतीच्या सिलिंडराचा व्यास सु. ५ सेंमी. व दट्ट्याची धाव सु. १५ सेंमी. होती. वॉट यांनी ती दुरुस्त केली तेव्हा ती थोड्या धावा करून थांबू लागली. बाष्पित्र सिलिंडराच्या मानाने पुरेसे मोठे दिसत असूनही वाफ अपुरी पडे.

या ठिकाणी कोणत्याही कारागिराने दट्ट्या घट्ट बसला आहे असे म्हणून तो घासला असता, किंवा भरण सैल केले असते. वॉट यांनी वाफेचा हिशेब केला. दर धावेला सिलिंडराच्या पोकळीत मावेल त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होत असल्याचे त्यांना आढळले. सिलिंडर लहान झाले म्हणजे त्याचे घनफळ ज्या प्रमाणात कमी होते त्या प्रमाणात त्याचा पृष्ठभाग कमी होत नाही. त्यामुळे दर धावेला थंड पाण्याच्या फवाऱ्याने निवालेले सिलिंडर पुन्हा तापविण्यातच पुष्कळशी वाफ संपून जाते. शिवाय प्रतिकृतीचे सिलिंडर पितळेचे होते, आणि पितळ हे बिडापेक्षा उष्णतेचे चांगले संवाहक आहे. पंपावरील पाण्याचा स्तंभ आखूड करून भार कमी केल्यावर फवाऱ्याचे पाणी कमी पुरू लागले व प्रतिकृती नियमितपणे चालली. याच विचारातून १७६५ मध्ये वेगळ्या संघनकाची कल्पना पुढे आली. ही प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेली आहे.

वॉट यांच्या या शोधाची कथा सर्वत्र सांगितली जाते. पण तिचा पुढील भाग बहुधा गाळला जातो. उष्णतेचा प्रश्न सुटल्याबरोबर घर्षणाचा प्रश्न उभा राहिला. न्यूकोमेन यांच्या एंजिनात दट्ट्याच्या कडेला चामड्याची चकती असे व तिच्यावर पाण्याचा थर ठेवलेला असे. हे पाणी फटी बुजवी व चामडे ओले ठेवी. सिलिंडराचा आतील पृष्ठभाग ओबडधोबड असला तरी त्यामुळे काम भागे. वॉट यांना सिलिंडर सतत गरम ठेवावयाचे असल्याने पाणी वापरणे शक्य नव्हते. १७६९ च्या त्यांच्या एकस्वात दट्ट्या वाफबंद करण्यासाठी पाण्याऐवजी तेल, मेण, राळ, प्राण्यांची चरबी, पारा व द्रवरूप धातू वापरण्याचा उल्लेख आहे. संघनकाचा पहिला प्रयोग त्यांनी सु. ४.४ सेंमी. व्यासाच्या पितळी पिचकारीवर केला होता व तो यशस्वी झाला. पिचकारीची नळी आतून गुळगुळीत व गोल होती, हे त्यामागचे एक कारण. त्यानंतर स्कॉटलंडमधील किनील येथे १७६९ मध्ये उभारलेल्या एंजिनाचे सु. ४५ सेंमी. व्यासाचे कथिलाचे सिलिंडर मात्र ठोकून केलेले असून नीट गोल नव्हते. बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, ताग व जुन्या टोप्यांचे नमदे अशी नाना प्रकारची भरणे दट्ट्याभोवती घालून पाहण्यात आली. भरण सैल ठेवले तर वाफ निसटे व घट्ट केले तर दट्ट्या अडे. घरगुती एंजिन बनविणाऱ्यास आजही याच कोंडीतून जावे लागते.

ही कोंडी भरणाने सुटली नाही. जॉन विल्किन्सन (१७२८–१८०८) यांनी १७७४ मध्ये तोफांच्या नळ्या कोरण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले व पुढील वर्षी याच पद्धतीच्या सुधारित यंत्रावर एंजिनांची सिलिंडरे कोरून दिली. कोरणीचा दांडा दोन्ही टोकांना आधारलेला असल्याने कोरणी ओतकामाच्या वेड्यावाकड्या पोकळीच्या मागे न जाता स्वतःच्या सरळ रेषेत चाले. सु. १२७ सेंमी. व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, असे मॅथ्यू बोल्टन (१७२८–१८०९) यांनी समाधानाने लिहिले. किनीलचे एंजिन बर्मिंगहॅमला हलवून त्याला विल्किन्सन यांचे सिलिंडर बसविल्यावर ते चांगले चालू लागले. मूळ दोष दट्ट्यात वा भरणात नव्हता. सिलिंडराच्या आकारात होता.

लहान आकाराचा परिणाम : दट्ट्यावरील प्रेरणा त्याच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. भरणाचे घर्षण मात्र मुख्यतः परिघाच्या लांबीवर, म्हणजे नुसत्या व्यासावर अवलंबून असते. न्यूकोमेन पद्धतीच्या एंजिनात दर चौ. सेंमी. ला अर्धा किग्रॅ. परिणामी दाब धरल्यास ५ सेंमी. व्यासाच्या दट्ट्यावर सु. १० किग्रॅ. भार येतो व तो भरणाच्या परिघाच्या दर सेंमी. लांबीमागे ०.६ किग्रॅ. पडतो. १५० सेंमी. व्यासाच्या दट्ट्यात हाच आकडा सु. १९ किग्रॅ. होतो. भरण दोन्हीकडे सारख्याच रुंदीचे व सारखेच आवळलेले असेल, तर मोठ्या एंजिनात ज्या घर्षणाची दखलही घेतली जात नाही त्याने प्रतिकृती थांबते. भरणाची रुंदी त्याच प्रमाणात कमी केली तर हा परिणाम बराचसा टळतो, हे खरे. पण कारागिराच्या हातून होणाऱ्या चुका प्रमाणात लहान होत नाहीत. ०.०५ मिमी. ची चूक ५०० मिमी. व्यासाच्या सिलिंडरात दहा हजारांत एक भाग असते, तर २० मिमी. च्या सिलिंडरात ती चारशेत एक भाग होते. लहान एंजिन हे मोठ्यापेक्षा सोपे असते, हा समज यामुळेच चुकीचा ठरतो.

घर्षणाचे नियम : गीयोम आमाँताँ (१६६३–१७०५) यांनी १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे घर्षण हे भाराच्या प्रमाणात असते व स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, असे मांडले. त्याच वर्षी त्यांनी अग्नीच्या शक्तीने फिरणाऱ्या चाकाची कल्पनाही सादर केली होती. घर्षणाचा अभ्यास व उष्णतेवर चालणारे यंत्र यांचा संबंध असा आरंभापासूनचा आहे. शार्ल ऑग्यूस्तीन द कुलंब (१७३६–१८०६) यांनी १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळविलेल्या निबंधात स्थिर स्थितीतील घर्षण व गतीतील घर्षण यांतील भेद प्रयोगांनी दाखविला. पृष्ठभाग एकमेकांवर जितका वेळ स्थिर राहतील तितके त्यांना हलविण्यास अधिक जोर लागतो, असेही काही पदार्थांच्या बाबतीत त्यांना आढळले. रात्रभर ठेवलेले लहान एंजिन सकाळी आपोआप सुरू होत नाही, पण बोटाने प्रचक्राला झटका दिल्यावर चालू लागते, याचे एक कारण यात आहे. तेल घट्ट होणे हे दुसरे.

हे नियम कोरड्या पृष्ठभागांचे होत. तेल असताना काय घडते हे बोशँप टॉवर यांच्या १८८३ पासूनच्या प्रयोगांपर्यंत स्पष्ट नव्हते. रेल्वेच्या आसासारख्या दांड्यावरील धारव्याला त्यांनी वंगणासाठी वरून छिद्र पाडले, तेव्हा तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. छिद्रात ठोकलेले लाकडी बूचही बाहेर फेकले गेले. दाबमापक जोडल्यावर तेलाचा दाब धारव्यावरील सरासरी भाराच्या दुपटीपेक्षाही जास्त भरला. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून घेतो व त्या पटलावर तरंगतो, असा याचा अर्थ होता. ऑझ्बर्न रेनल्ड्झ (१८४२–१९१२) यांनी १८८६ मध्ये त्याचा गणिती सिद्धांत दिला. पटल तयार होण्यास पुरेसा वेग लागतो. १० सेंमी. जाडीचा आस मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सु. १५७ सेंमी. असतो. प्रतिकृतीचा ६ मिमी. जाडीचा दांडा १०० फेरे घेत असेल, तर हा वेग जेमतेम ३ सेंमी. भरतो. एवढ्या वेगाला पटल नीट बनत नाही. म्हणून जाड तेल घातल्याने फायदा होण्याऐवजी त्याच्या श्यानतेचाच अडथळा होतो. शिवणयंत्राचे पातळ तेल लहान एंजिनाला मानवते ते यामुळे. वाफेच्या सिलिंडराला मात्र उष्णतेत व ओलाव्यात टिकणारे जाड तेल लागते, व ही दोन तेले एकमेकांच्या जागी वापरणे ही नेहमी होणारी चूक आहे.

घासणे व खरवडणे : पृष्ठभाग जुळत नसतील तर कुरुंदाच्या पुडीने एकमेकांवर घासून जुळवावेत, ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वमान्य रीत होती. जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात तिच्यावर टीका केली. घासल्याने पृष्ठभाग सपाट होतो अशी खात्री नसते व पुडीचे कण धातूत रुतून बसून पुढे झीज करीत राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्याऐवजी खऱ्या सपाट पट्टिकेला रंग लावून उंचवटे शोधावेत व तेवढेच हत्याराने खरवडावेत, असे त्यांनी सुचविले. घरी बनविलेल्या एंजिनांत हा आक्षेप आजही लागू पडतो. पितळ व कासे या मऊ धातूंत अपघर्षकाचे कण सहज रुततात. एंजिन जड चालते म्हणून धातू चकाकविण्याची लुकणी घालून फिरविल्यास ते काही दिवस हलके चालते, परंतु नंतर दांडे झिजून धारवे खडखडू लागतात. अशा दुरुस्तीला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे.

दट्ट्याच्या बाबतीत जॉन रॅम्सबॉटम (१८१४–९७) यांनी १८५०–६० या दशकात प्रचारात आणलेल्या फटीच्या धातूच्या कड्यांनी वाफबंदपणा व मोकळेपणा यांतील विरोध पुष्कळसा मिटविला. कडी स्वतःच्या लवचिकपणाने सिलिंडराला टेकते व दट्ट्या सैल ठेवता येतो. लहान एंजिनांत मात्र कडी बनविणे अवघड असल्याने तागाचे वा ग्रॅफाइट लावलेल्या दोऱ्याचे भरण दीर्घकाळ टिकून राहिले व पुढे रबरी कडीने त्याची जागा घेतली. रबरी कडीसाठी खोबण थोडी जरी उथळ झाली, तरी कडी दाबली जाऊन एंजिन अडते.

घरगुती कर्मशाळा : स्वतःच्या हाताने लहान एंजिन तयार करणारे लोक वाफेच्या आरंभकाळापासून होते. मुंबईच्या गोदीतील जहाजबांधणी तज्ञ आर्देसीर कर्सेटजी वाडिया (१८०८–७७) यांनी तरुणपणी एक अश्वशक्तीचे वाफ एंजिन बनवून ते विहिरीचे पाणी उपसण्यासाठी वापरले होते. पुढे १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. पायाने चालविण्याचे लहान लेथ स्वस्त झाल्यावर हा छंद इंग्लंडात मध्यम वर्गात पसरला. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक काढले व त्याच वर्षी प्रतिकृती अभियंत्यांची संस्थाही स्थापन झाली. नकाशे व ओतीव भाग विकत मिळू लागल्याने, ज्याने कधी कारखान्यात उमेदवारी केली नाही अशा माणसापुढेही न चालणारे एंजिन येऊन पडू लागले.

अशा एंजिनाची तपासणी करण्याची जी पद्धत छांदिष्टांमध्ये रूढ झाली तिचे सार असे, की एंजिन एकदम न तपासता त्याची एक एक जोडणी सोडवीत जावे. प्रथम संयोगदांडा काढून भुजादंड व प्रचक्र यांना हाताने वेग द्यावा व ते किती फेऱ्यांनी थांबतात ते मोजावे. फेरे थोडे असतील तर दोष धारव्यांत आहे. धारव्यांची झाकणे आळीपाळीने सैल करून फरक पडतो का ते पाहिल्यास दोन धारवे एका रेषेत नसल्याचे कळते. प्रचक्र नेहमी एकाच जागी थांबत असेल, तर ते असंतुलित असेल किंवा दांडा वाकला असेल. सिलिंडराची दोन्ही झाकणे काढून उभ्या सिलिंडरात तेल लावलेला दट्ट्या सोडावा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश उतरावा. वर मोकळा व खाली घट्ट असेल तर सिलिंडर निमुळते झाले आहे. पायाला बोल्टांनी आवळण्यापूर्वी मोकळा असलेला दट्ट्या आवळल्यावर अडत असेल, तर सिलिंडर ताणामुळे वाकते आहे; बुडाखाली कागदाची घडी घालूनही हे तपासता येते. दट्टेदांडा झाकणातून जेथे बाहेर येतो तेथील भरणपेटीची आवळणी सैल केल्यावर एंजिन हलके झाले, तर दोष भरणात असेल किंवा झाकणाच्या छिद्राची रेषा सिलिंडराच्या अक्षाशी जुळत नसेल. हा दुसरा दोष भरण बदलून जात नाही. तरीही लोक भरणच बदलत राहतात.

काही घर्षण हाताने फिरविताना मुळीच जाणवत नाही. सरकत्या झडपेच्या पाठीवर वाफेचा दाब आला म्हणजे ती आपल्या बैठकीवर दाबली जाते. थंड व रिकाम्या एंजिनात ती तरंगल्यासारखी सरकते, व वाफ सोडताच जड होते. धातूंच्या प्रसरणाचेही तसेच आहे. २० मिमी. व्यासाचा ॲल्युमिनियमाचा दट्ट्या १०० अंश से. ने तापल्यास सु. ०.०४६ मिमी. ने वाढतो, तर बिडाचे सिलिंडर तेवढ्याच तापमानवाढीने सु. ०.०२२ मिमी. ने वाढते. दोहोंत ०.०२ मिमी. ची मोकळीक ठेवणाऱ्याचे एंजिन थंड असताना उत्तम फिरते व तापल्यावर जाम होते. कारण लक्षात न आल्यास निवल्यावर ते पुन्हा मोकळे झालेले पाहून माणूस चक्रावून जातो. याउलट, बंद सिलिंडरातील हवा दाबली जाताना हाताला लागणारा जोर हे घर्षण नव्हे. ती हवा प्रसरण पावताना तो जोर परत करते. झडपेचे छिद्र उघडे ठेवून पुन्हा फिरविल्यास या दोहोंतील फरक तत्काळ कळतो.

सर्व जोडण्या तपासल्यावर उरलेले थोडे घर्षण चालवून घालवावे लागते. यासाठी भरपूर पातळ तेल घालून एंजिन लेथच्या किंवा लहान विद्युत् चलित्राच्या साहाय्याने मंद वेगाने काही तास फिरवितात. तेल काळे पडणे थांबले म्हणजे पृष्ठभाग एकमेकांशी जुळले असे समजतात. उंचवटे झिजणे हे येथे इष्ट असते. पण ज्या भागांची रेषाच चुकली आहे ते कितीही फिरविले तरी जुळत नाहीत.

उष्ण हवेची एंजिने : घर्षणाची खरी कसोटी लागते ती उष्ण हवेच्या प्रतिकृती एंजिनांत. रॉबर्ट स्टर्लिंग (१७९०–१८७८) यांनी १८१६ मध्ये एकस्व घेतलेल्या या एंजिनात हवा इकडून तिकडे सारणारा भाग सिलिंडराला न टेकता हलतो. त्यामुळे त्याचे घर्षण फक्त त्याच्या दांड्यापुरते राहते. शक्ती देणारा दट्ट्या मात्र घट्टही हवा व मोकळाही हवा. दाब फारच थोडा असल्याने येथे कडी किंवा भरण चालत नाही. काचेच्या नळीत ग्रॅफाइटाचा दट्ट्या, मध्ये तेल नाही, ही जोडी लहान एंजिनांत लोकप्रिय झाली ती यामुळे. तेलाचा एक थेंबही तेथे दट्ट्या चिकटविण्यास पुरतो.

झाग्रेब विद्यापीठातील इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये दुब्रॉव्हनिक येथे गरम पाण्यावर चालणारे असे एंजिन दाखविले, की पाणी निवत जाऊन दोन बाजूंच्या तापमानांत सु. १५° ते २०° से. एवढाच फरक उरेपर्यंत ते चालत राहिले. त्यात सरकता दट्ट्या नव्हताच. त्याच्या जागी रबराचे लवचिक पटल होते, म्हणजे वाफबंदपणा व मोकळेपणा यांचा झगडा त्यांनी मुळातच टाळला होता. अमेरिकेतील गणितज्ञ जेम्स सेन्फ्ट यांनी हे काम पुढे नेऊन एंजिनाच्या यांत्रिक कार्यक्षमतेचा सिद्धांत मांडला. दट्ट्याने हवेला दिलेले व हवेकडून घेतलेले कार्य यंत्रणेतून जितके कमी वेळा जाईल तितके घर्षणाचे नुकसान कमी होते, हे त्यांनी दाखविले. १९९० मध्ये त्यांचे एंजिन केवळ ०.५° से. एवढ्या तापमानफरकावर चालले. एवढ्या फरकात उष्णतेचे जास्तीत जास्त सु. ०.१७ टक्के इतकेच कार्यात रूपांतर होऊ शकते. म्हणजे सर्व धारवे, सांधे व दट्ट्या मिळून होणारे घर्षण त्याहूनही कमी असावे लागते. अशा एंजिनांतील गोळ्यांचे धारवे प्रथम विद्रावकाने धुऊन त्यांतील वंगण काढून टाकतात व ते कोरडेच चालवितात. भार काही ग्रॅम असल्याने गोळ्या झिजण्याची भीती नसते, आणि वंगणाची श्यानता हाच तेथे सर्वांत मोठा अडथळा असतो.